चान्या, वल्लूर आणि ट्रेकची सॅक: वाळवलेल्या मांसाची गोष्ट

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. एक तरुण फिटनेस प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात आला होता. मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जायचं होतं. तपासणी झाली, सही झाली आणि उठता उठता त्याने विचारलं, "डॉक्टर, सॅकचं वजन कमी करायचंय. मटण वाळवून नेलं तर चालेल का? परदेशात हरणाचं मांस वाळवून नेतात, जर्की म्हणतात त्याला. आपल्याकडे जळगावला एवढं ऊन आहे, गच्चीवर टाकलं की दोन दिवसांत कडक होईल."

सोबत त्याची आजी होती. माहेर मराठवाड्यातलं. ती हसली आणि म्हणाली, "त्यात काय विचारायचं! आमच्याकडे चान्या असायच्याच की." एवढं बोलली आणि एकदम गप्प झाली. पदर सावरला, नातवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या डॉक्टरसाहेब, जुन्या गोष्टी."

आजी का थांबल्या, हे मला कळलं. त्या दिवशी रांग मोठी होती म्हणून नातवाला मी थोडक्यात उत्तर दिलं. पण त्याच्या प्रश्नाचं आणि आजींच्या गप्प बसण्याचं, दोन्हींचं उत्तर नीट द्यायला हवं असं तेव्हापासून वाटत होतं. ते आज लिहितो आहे.

वाळवल्यावर नेमकं काय होतं?

आपण खानदेशी माणसं वाळवणाच्या बाबतीत कोणाला ऐकणार नाही. मार्च लागला की गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया, शेवया यांची रांग लागते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, तरी आठवडे बाजारात सुकट-बोंबील मिळतातच. या सगळ्यामागचं तत्त्व एकच आहे. अन्न खराब करणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला जगायला मोकळं पाणी लागतं. ते पाणी काढून घेतलं की त्यांची वाढ थांबते. मीठही हेच काम दुसऱ्या बाजूने करतं: उरलेलं पाणी ते धरून ठेवतं, जंतूंच्या हाती लागू देत नाही.

चरबी नसलेल्या कच्च्या मांसात वजनाच्या जवळजवळ ७५ टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो मांस व्यवस्थित वाळवलं, तर हातात साधारण ३०० ग्रॅम उरतं. प्रथिनं मात्र जवळपास तेवढीच राहतात, दोनशे ग्रॅमच्या आसपास. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला हे गणित जगभर फार पूर्वी कळलं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक अशा मांसाला 'चार्की' म्हणत. आजचा 'जर्की' हा शब्द त्यावरूनच आला. दक्षिण आफ्रिकेत त्याला 'बिल्टाँग' म्हणतात. नेपाळमध्ये 'सुकुटी' म्हणतात, आणि आपल्या 'सुकट'शी त्याचं नातं सांगायला भाषातज्ज्ञ लागत नाही.

चरकांचं वल्लूर

हे आपल्याकडे नवं नाही. संस्कृतमध्ये वाळवलेल्या मांसाला स्वतंत्र शब्द आहे: वल्लूर. अमरकोशात तो नोंदवलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, रोज काय खावं आणि काय खाऊ नये हे सांगताना, वल्लूराचा उल्लेख येतो. वाळलेलं मांस आणि वाळलेल्या भाज्या पचायला जड असल्याने त्यांची सवय लावू नये, असा तिथला सल्ला आहे. 'कधीच खाऊ नका' असं म्हटलेलं नाही, 'रोजचं करू नका' असं म्हटलं आहे.

आजच्या भाषेतही हा सल्ला पटण्यासारखा आहे. ५० ग्रॅम वाळलेलं मांस म्हणजे मूठभर. पण ते जवळजवळ १६० ग्रॅम कच्च्या मांसातून आलेलं असतं. शिजवलेलं मटण खाताना पोट भरल्याचं लगेच कळतं. वाळलेल्या पट्ट्या मात्र चिवड्यासारख्या तोंडात जात राहतात.

त्याच ग्रंथात आणखी एक सूचना आहे. आपोआप मेलेल्या, खंगलेल्या किंवा विषाने मेलेल्या जनावराचं मांस वर्ज्य करावं. वैद्यकाच्या दृष्टीने ही सूचना अगदी योग्य आहे. रोगाने मेलेल्या जनावराच्या मांसात त्या रोगाचे जंतू असू शकतात. अँथ्रॅक्सचे, म्हणजे काळपुळीचे, बीजाणू तर इतके चिवट असतात की वाळवल्याने ते मरत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात.

ही सूचना लक्षात ठेवा. कारण आता आजींच्या चान्यांकडे वळायचं आहे.

गावाबाहेरच्या दोरीवर

चान्या म्हणजे मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या. मीठ लावून, दोरीवर टांगून, उन्हात कडक होईपर्यंत वाळवलेल्या. मग त्या भरून ठेवायच्या आणि हाताला काम नसलेल्या दिवसांत काढायच्या. निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर कालवणात शिजवायच्या. महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांमध्ये, विशेषतः मराठवाड्यात, हे अन्न कित्येक पिढ्या खाल्लं गेलं. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांमध्ये हे अन्न त्याआधी जवळपास सापडतच नव्हतं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानेही २००९ मध्ये दलित स्त्रियांच्या आठवणींमधून जात आणि अन्न यांच्या नात्याची नोंद केली होती.

हे मांस यायचं कुठून? बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. त्याच्या बदल्यात मांसावर त्यांचा 'हक्क' मानला जाई. एक बैल किंवा म्हैस म्हणजे एका वस्तीला एका दिवसात संपणार नाही एवढं मांस. बर्फ नाही, फ्रीज नाही. मग उरलेलं वाळवायचं. दुष्काळात तर चाऱ्याविना जनावरं पटापट मरत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत खानदेशाने हे पाहिलं. ज्यांच्या घरात धान्याचा कण नव्हता, त्यांच्यासाठी अशा पट्ट्या म्हणजे पुढचे काही आठवडे जगण्याची सोय होती.

आता चरकांची सूचना पुन्हा आठवा. जे मांस वैद्यकाने सगळ्यांसाठी वर्ज्य सांगितलं, नेमकं तेच समाजव्यवस्थेने काही माणसांच्या वाट्याला 'हक्क' म्हणून दिलं. आणि मग ते खातात म्हणून त्यांनाच अस्वच्छ ठरवलं. डॉक्टर म्हणून मी याकडे पाहतो तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसतात. एक, मीठ, ऊन आणि दीर्घकाळ शिजवणं या तीन साधनांनी त्या बायकांनी जोखमीचं अन्न जमेल तेवढं सुरक्षित केलं. दुसरी, ती जोखीम त्यांनी निवडलेली नव्हती.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडा, असं आपल्या समाजाला आवाहन केलं. पुढे गावोगाव लोकांनी मेलेली जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडलं. अनेक ठिकाणी त्याबद्दल बहिष्कार सोसला. हे सोडणं सोपं नव्हतं. खायला दुसरं काही हाताशी नसताना प्रथिनांचा एक स्रोत त्यांनी स्वाभिमानासाठी सोडून दिला.

आपल्या खानदेशातही ही आठवण जिवंत आहे. एका खटल्याच्या कामासाठी बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याला आले होते. तेव्हा ते शहराजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. दर वर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात. आजींच्या पिढीतल्या अनेकांनी चान्या खाल्ल्या, मग घरातून हद्दपार केल्या आणि पुढच्या पिढीला त्याबद्दल सांगितलंही नाही. नातवाच्या तोंडून 'जर्की' ऐकल्यावर त्यांना हसू आलं आणि लगेच संकोच वाटला, त्याचं मूळ इथे आहे.

सातपुड्यातली शिकार आणि आजचा कायदा

नातवाने हरणाच्या मांसाचं नाव काढलं होतं, म्हणून याबद्दलही सांगतो. सातपुड्याच्या रांगेत भिल्ल आणि इतर आदिवासी समाज पिढ्यान् पिढ्या तीरकमठ्याने शिकार करत आले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि भिल्लांचा विश्वास मिळवायला त्याला त्यांच्यासोबतच्या शिकारीचा मोठा उपयोग झाला. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आली आणि ज्यांचं पोट जंगलावर होतं त्यांच्याच वाटा अडल्या. साहेबांची शिकार मात्र शौक म्हणून चालू राहिली.

आज प्रश्न सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे. चितळ, सांबर, चिंकारा यांची शिकार तर गुन्हा आहेच, पण त्यांचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. यावलच्या जंगलातून 'कोणीतरी आणून दिलं' असं म्हणून सुटका होत नाही. परदेशातल्या कृती हरणाच्या मांसाच्या असतात, कारण तिथे परवाना घेऊन शिकार करता येते. आपल्याकडे त्याच कृतीसाठी खात्रीच्या दुकानातलं बोकडाचं किंवा कोंबडीचं मांस वापरायचं.

चरबी का काढायची, आणि नुसतं चरबीविना का खायचं नाही?

रानातल्या प्राण्याचं मांस वाळवायला चांगलं मानतात, कारण त्यात चरबी फार कमी असते. चरबीत पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती 'वाळत' नाही. हवेतल्या ऑक्सिजनने ती खवट होते. दिवाळीचं फराळाचं डबाबंद तेलकट शेवटी जसं वास मारतं, तसंच. म्हणून बोकडाचं मांस घेतलं तरी मांडीचा भाग घ्यायचा आणि पांढरी चरबी काढून टाकायची.

पण याची दुसरी बाजूही आहे. शरीराला लागणारी सगळी ऊर्जा फक्त प्रथिनांमधून मिळवता येत नाही. प्रथिनं वापरताना तयार होणाऱ्या नायट्रोजनचा युरिया करून तो बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. उत्तर ध्रुवाकडे हिंडणाऱ्या प्रवाशांना हे अनुभवाने कळलं होतं. नुसतं सशाचं कोरडं मांस खाऊन माणसं पोट भरलेलं असूनही खंगत, जुलाब होत, डोकं दुखे. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात विल्यालमुर स्टेफानसन या प्रवाशावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रयोग झाला. फक्त चरबीविरहित मांस दिल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर तो बरा झाला.

म्हणूनच उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी वाळलेलं मांस कुटून त्यात वितळवलेली चरबी मिसळत आणि त्याचे गोळे बांधून नेत. याला 'पेमिकन' म्हणतात. आपल्या वस्त्यांमध्ये ही अडचण आली नाही, कारण चान्या कधी एकट्या खाल्ल्या जात नव्हत्या. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी असायची, निदान असावी अशी धडपड असायची. ट्रेकवरही हेच करायचं. वाळलेलं मांस हे तोंडी लावणं समजा. ऊर्जा भात, पोहे, खाकरे, शेंगदाणे, गूळ आणि तूप यांतून घ्या.

जळगावचं ऊन जंतू मारतं का?

नातवाच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. उत्तर: नाही. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. आपल्याला ते भयंकर वाटतं, पण पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जंतूंना २० ते ४५ अंश हे तापमान मानवतं. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंतचे पहिले काही तास त्यांना वाढायला पुरतात. त्यात माश्या आणि धूळ आहेच.

वाळवण्याने जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. उलट एकदा कोरडे झाले की त्यातले काही उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी उष्णता, मग वाळवणं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९५ मध्ये याचं उदाहरण घडलं. शिकारीच्या हरणाचं मांस घरी वाळवून खाल्लं गेलं आणि अकरा जण आजारी पडले. ई. कोलाय या जंतूचा ओ१५७ हा घातक प्रकार त्या मांसात सापडला. या जंतूमुळे रक्ती जुलाब होतात आणि लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांस यंत्रात, साठ अंशांच्या खालच्या तापमानाला वाळवलेलं होतं. आपल्या गच्चीवरच्या उन्हापेक्षा ते जास्तच तापलेलं होतं, तरीही ते पुरलं नाही.

करायचंच असेल तर असं करा

१. मांस ताजं, खात्रीच्या दुकानातलं घ्या. चरबी काढा. फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवलं की पातळ पट्ट्या नीट कापता येतात. जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

२. कापण्याआधी आणि नंतर हात, सुरी, पाट साबणाने धुवा. त्याच पाटावर कोशिंबीर चिरू नका.

३. वाळवण्याआधी मांस शिजवा. आतलं तापमान बोकडाच्या मांसासाठी किमान ७१ अंश आणि कोंबडीसाठी ७४ अंश व्हायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर पट्ट्या पूर्ण शिजेपर्यंत उकळा. मीठ, हळद, लसूण, आपला काळा मसाला याच वेळी घाला. मसाल्याने चव येते, पण त्याच्या भरवशावर शिजवणं टाळू नका.

४. मग ओव्हनमध्ये किंवा वाळवण्याच्या यंत्रात ६० अंशांच्या वर वाळवा. गार झालेली पट्टी वाकवल्यावर तिला चीर पडली पाहिजे आणि आत ओलसरपणा दिसता कामा नये.

५. हवाबंद पिशव्यांमध्ये, दर दिवसाची वेगळी पुडी करून भरा. ट्रेकला निघेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दोन आठवड्यांत संपवा. पावसाळ्यात हवेतली ओल शोषली जाते, म्हणून जास्त जपा. बुरशी, चिकटपणा किंवा खवट वास आला तर अख्खी पुडी फेका. बुरशी आलेला तुकडा काढून बाकीचं खाऊ नका.

६. ट्रेकवर गरम पाण्यात भिजवून, उकळून खा. ४,००० मीटर उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे जास्त वेळ उकळा. पाणी भरपूर प्या. प्रथिनं जास्त खाल्ली की युरिया बाहेर टाकायला जास्त पाणी लागतं, आणि उंचावर शरीर आधीच कोरडं पडत असतं.

कोणी टाळावं?

मिठाचा हिशोब करून पाहा. एक किलो मांसाला २० ग्रॅम मीठ लावलं, तर वाळल्यावर ५० ग्रॅम मांसात जवळजवळ ३ ग्रॅम मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयाचे विकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा गाऊट असलेल्यांनी हे खाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी घरी वाळवलेलं मांस टाळावं.

खारवलेलं, वाळवलेलं मांस हे 'प्रक्रिया केलेलं मांस' या गटात येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये या गटाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास हा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. वर्षातून एका ट्रेकला आठवडाभर खाल्लं म्हणून घाबरू नका. पण रोजच्या चहासोबतचा खाऊ म्हणून पाकिटं आणू नका. चरकांनी सांगितलेलं 'सवय लावू नका' इथेही लागू पडतं.

शेवटी, आजींसाठी

दवाखान्यात मी प्रत्येकाला विचारतो, "घरी काय खाता?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "साधंच, भाजी-भाकरी." वाळलेले मासे, वजडी, रक्ती, चान्या यांची नावं लोक घेत नाहीत. कोणी हसेल, कोणी जात ओळखेल, ही भीती असते. त्याचा तोटा रुग्णालाच होतो. रक्तदाब गोळ्यांनी उतरत नसतो आणि रोजच्या सुकटातलं मीठ मला कळलेलंच नसतं. गाऊट पुन्हा पुन्हा उसळतो आणि कारण सापडत नाही. वाळवलेलं मांस खाल्ल्यावर ताप किंवा जुलाब आले, तर ते सांगितल्याशिवाय निदानाला उशीर होतो.

म्हणून हे सांगा. जे खाल्लं ते न लाजता सांगा. ऐकून नाक मुरडणारा डॉक्टर भेटला तर चूक त्याची आहे, तुमची नाही.

आणि आजी, तुमच्या नातवाला तुम्हीच सांगा. पट्टी किती पातळ कापायची, मीठ किती लावायचं, वाळली हे बोटाने कसं ओळखायचं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला मी फक्त एवढंच जोडलं आहे, की आधी नीट शिजवायचं. चान्या घरातून का गेल्या, हेही त्याला सांगा. सॅकमध्ये तो काय घेऊन निघाला आहे, ते त्याला कळायला हवं.